सूर्याचे भाऊबंद

माझे यजमान धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. देवपुरातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना सर म्हणत. लग्न होऊन आले तेव्हा चारचौघांत नवऱ्याचा उल्लेख कसा करावा हे मला कळेना. घरात 'अहो' चालायचं. बाहेर मीही सर म्हणू लागले आणि पुढे तेच राहिलं.

सरांचं एक भाषण होतं, 'सूर्याचे भाऊबंद' नावाचं. कुठल्याही शाळेनं बोलावलं की सुट्टीच्या दिवशी ते एस.टी.नं निघायचे. साक्री, शिरपूर, पारोळा, चोपडा, यावल, जिथून बोलावणं येईल तिथे. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे आमच्या सुट्ट्या जुळायच्या आणि मीही बरोबर जायचे. माझ्या हातात कापडी पिशवी असायची. तिच्यात एक मोसंबं, कागदाच्या पुडीत खसखस, सुतळीचा मोठा गुंडा आणि एका डब्यात हरभरे.

सरांनी हे भाषण कधी कागदावर लिहिलं नाही. मोसंबं टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, हा सूर्य. मग एखाद्या मुलीच्या बोटावर खसखशीचा दाणा ठेवून तिला वर्गाच्या पार दुसऱ्या भिंतीशी उभं करायचे. ही पृथ्वी. आता या दाण्यावर आपलं गाव शोधा बरं. मुलं हसायची. मग विचारायचे, सूर्याच्या सर्वांत जवळचा दुसरा तारा या मापानं कुठे ठेवावा लागेल? कुणी म्हणे शाळेच्या फाटकाशी, कुणी म्हणे भुसावळला. फार धीट मूल असलं तर मुंबई म्हणायचं. सर मान हलवत राहायचे. भारत संपला, श्रीलंका मागे पडली, तिथून पुढे समुद्रात कुठेतरी, असं ते सांगायचे तेव्हा वर्गात अगदी चिडीचूप व्हायचं. मधे काही नाही? असं कुणीतरी विचारायचंच. काही नाही, सर म्हणायचे.

त्यानंतर सगळे मैदानावर. वृश्चिक राशीतली तांबूस ज्येष्ठा मुलांनी आजीकडून ऐकलेली असायची. ती मोसंब्याच्या मापानं केवढी, हे दाखवायला सुतळी सोडून मोठं वर्तुळ करायचं. मुलं सुतळी धरून मागे मागे सरकत जायची. बहुतेक शाळांची मैदानं अपुरी पडायची. मग कोणी कुंपणाला टेकायचं, कोणी शेजारच्या शेतात उतरायचं.

नेमकं याच वेळी हेडमास्तर किंवा एखाद्या बाई माझ्याकडे यायच्या. चला, तुम्ही तरी चहा घ्या, पोहे गार होतात. पाहुण्यांच्या बायकोनं नाही म्हणणं बरं दिसत नसे. मी ऑफिसात जाऊन बसायचे. पोहे खाता खाता मैदानावरून मुलांच्या हसण्याचा मोठा आवाज यायचा आणि मी परत येईपर्यंत आभार चालू झालेले असायचे. इतक्या वर्षांत हे असंच होत आलं. भाषण मला तोंडपाठ आहे असं मी समजत होते. हरभरे शेवटी मुलांना खाऊ म्हणून असतील, असं धरून चालले होते.

सर निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी ते बाहेरच्या बेसिनशी दाढी करत होते. मी आत चहा गाळत होते. त्यांनी मला काहीतरी सांगितलं, पण त्यातला एकही शब्द मला लागला नाही. मी विचारलं, काय म्हणालात? ते पुन्हा बोलले. सूर नेहमीचा, पाणी गरम आहे का विचारावं तसा, पण शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. मी बाहेर आले तर अर्ध्या गालाला साबण होता आणि वस्तरा खाली पडला होता. उजवा हात त्यांना उचलता येत नव्हता.

शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पोहोचलं नव्हतं. नाशिकहून मुलगी आली, फैजपूरहून सरांची मोठी बहीण, अक्का, आली. काही आठवड्यांत पाय बराचसा सुधारला, हात थोडा सुधारला. बोलणं मात्र आलं नाही. फक्त एक शब्द आला. तो म्हणजे 'नाही'.

पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. मी विचारलं होतं, दुखतंय का? ते म्हणाले, नाही. स्पष्ट, अगदी त्यांच्या आवाजात. मी मुलीला हाक मारून सांगितलं की बाबा बोलले. मग मी विचारलं, पाणी देऊ? नाही. आणि डावा हात पेल्याकडे गेला. पाणी घटाघट प्यायले, पेला परत दिला आणि म्हणाले, नाही.

डॉक्टरांनी मला समोर बसवून नीट समजावलं. वाचा जाते तेव्हा कधीकधी असा एखादाच शब्द मागे राहतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर पडतो. तो त्यांनी निवडलेला नसतो. त्याचा अर्थ धरू नका, असं ते म्हणाले. मी विचारलं, त्यांना समजतं का सगळं? ते म्हणाले, बरंच समजत असेल. किती, ते सांगता येणार नाही.

घरी आल्यावर आमचं जगणं त्या एका शब्दावर चालू झालं. आंघोळीला चलता? नाही, आणि उठून टॉवेल घ्यायचे. भाजी आवडली? नाही, आणि पुन्हा वाढायला ताट पुढे करायचे. मी सूर ओळखायला शिकले. लांबवलेला नाही म्हणजे हो. तुटक म्हणजे त्रास होतोय. पुटपुटल्यासारखा असला म्हणजे स्वतःशीच काही चाललंय. पण हे मी लावलेले अर्थ होते. बरोबर की चूक हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर ठरलेलं होतं.

भेटायला येणारे गोंधळायचे. कॉलेजातले जुने सहकारी यायचे, म्हणायचे, सर, ओळखलंत ना? नाही. त्यांचा चेहरा पडायचा. मी घाईघाईनं सांगायचे की ओळखलंय हो त्यांनी, तो शब्द तसाच येतो. ते मान डोलवायचे, चहा घ्यायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. हातापायाचा व्यायाम करून घ्यायला साक्रीकडचे एक भाऊ रोज यायचे. ते मात्र कधी गोंधळले नाहीत. सरांचा हात वर-खाली करत ते पावसापाण्याच्या गप्पा मारायचे, सर मधूनमधून नाही म्हणायचे आणि दोघांचं छान चालायचं. एकदा मी स्वयंपाकघरात डोळे पुसताना त्यांना दिसले. तेव्हा ते म्हणाले, "ताई, सरस्ले बठ्ठं समजस. नुसतं तोंडमा येत नही." सगळं समजतं, हे ते अगदी ठामपणे सांगत होते.

पुढच्या हिवाळ्यात एक फोन आला. सरांची जुनी विद्यार्थिनी, आता फैजपूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी. तिला सरांच्या आजाराचं ठाऊक नव्हतं. भाषणाला यायचं कबूल केलं होतं सरांनी, मुलं वाट बघताहेत, असं ती आनंदानं सांगत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, तुम्ही या ना सरांना घेऊन. ते नुसते बसतील. भाषण तुम्ही करा. तुमच्याइतकं ते कुणी ऐकलंय?"

मी म्हटलं, मला जमायचं नाही. फोन मोठ्या आवाजावर होता आणि सर समोरच होते. ते खुर्चीतून उठले, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेले आणि चपला पायात घालायला लागले. डाव्या हातानं उजव्या पायात चप्पल जाईना, तरी ते प्रयत्न करत राहिले. मी फोनवर सांगितलं, येतो आम्ही.

आमच्या मुलीला ते पटलं नाही. बाबांना असं मुलांसमोर नेऊन बसवायचं म्हणजे त्यांची शोभा करायची, असं ती म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. तरी आम्ही गेलो. गाडी ठरवली. पारोळा, एरंडोल, जळगाव करत यावलच्या पुढे आलो आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. ही सरांची जन्माची वाट. त्यांनी काच खाली करायला लावली आणि सगळा रस्ताभर बाहेर बघत राहिले. घड उतरवून भरलेला एक ट्रक रस्त्यात आडवा होता. तिथे गाडी थांबली तेव्हा ते हळू आवाजात दोनतीनदा नाही, नाही म्हणाले. मला तो सूर नवा होता.

फैजपूरला अक्कांनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. आई लवकर गेल्यावर सरांना त्यांनीच वाढवलं होतं. त्या त्यांना घास करून देत होत्या, नातू हसला तर त्याच्यावर डोळे वटारत होत्या. जेवणानंतर ओट्यावर बसून मी त्या दोघांना भाषण म्हणून दाखवलं. अक्का मन लावून ऐकत होत्या. सरांनी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी सरांना गुलाबाचं फूल दिलं. ते त्यांनी डाव्या हातात धरलं आणि नाही म्हणाले. त्यांच्या विद्यार्थिनीनं मुलांना आधीच समजावून ठेवलं होतं, त्यामुळे कोणी हसलं नाही. त्यांना पहिल्या रांगेच्या बाजूला खुर्चीत बसवलं, पिशवी त्यांच्या मांडीवर दिली. मी मोसंबं आणि खसखस काढून घेतली.

भाषण बरं झालं. मला स्वतःलाच नवल वाटलं. खसखशीच्या दाण्यावर मुलं फैजपूर शोधायला लागली तेव्हा अगदी सरांच्या भाषणात व्हायचा तसाच गलका झाला. समुद्रापर्यंत पोहोचलो तेव्हा सगळे शांत. मग मैदानावर गेलो, सरांची खुर्चीही बाहेर आणली. ज्येष्ठेचं वर्तुळ केलं. मुलं पांगली, सुतळी ताणली गेली, मोसंबं मधोमध हातात घेऊन मी उभी. यापुढे मला ठाऊक होतं ते संपलं होतं. काहीतरी बोलून शेवट करायला हवा होता, म्हणून मी म्हणाले, "तर मुलांनो, आपला सूर्य आपल्याला एवढा वाटतो, पण ताऱ्यांमध्ये तो एक लहानसा तारा आहे."

"नाही," सर म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. ते उठून उभे राहिले होते. उठताना मांडीवरची पिशवी पडली, डबा उघडला आणि हरभरे मातीत विखुरले. मुलांना आता राहवलं नाही, ती हसली. मी धावत गेले. पाणी हवंय का विचारलं, बसा म्हटलं. ते माझ्याकडे बघून म्हणत होते, नाही, नाही, नाही. त्यांच्या विद्यार्थिनीनं मुलांना रांगेत उभं केलं, आभार उरकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमची मुलगी म्हणाली होती तेच खरं ठरलं, असं वाटलं.

ऑफिसात सरांना पंख्याखाली बसवलं. ते शांत झाले. त्यांची विद्यार्थिनी माझ्याशेजारी येऊन बसली आणि हलकेच म्हणाली, "काकू, सूर्य लहान आहे, असं सर नाही म्हणायचे."

ती सांगू लागली. ज्येष्ठेचं वर्तुळ झालं की मुलांना सूर्याची कीव यायला लागायची. मग सर डब्यातले हरभरे मूठ भरभरून मोसंब्याभोवती टाकायचे. म्हणायचे, हे बघा, खरे भाऊबंद हे. बहुतेक तारे सूर्यापेक्षा लहानच असतात, पण त्यातले हे हरभऱ्याएवढे इतके मंद की डोळ्यांना एकही दिसत नाही. तो श्रीलंकेपलीकडचा सर्वांत जवळचा ताराही असा हरभऱ्याएवढाच, तोही दिसत नाही. आपल्याला दिसतात ते मोठे आणि झगझगीत, म्हणून आपली समजूत होते की सगळे तसेच. मोजायला बसलात तर सूर्य बहुतेकांपेक्षा मोठाच भरेल.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग शेवटी एक वाक्य बोलायचे. आम्ही सगळे खूप हसायचो. पण काय बोलायचे ते..." तिला आठवेना. तिनं पुष्कळ प्रयत्न केला. तिचे डोळे भरून आले.

परत येताना गाडीत मी सारखी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझी चूक दुरुस्त केली होती का? ऐकत होते, समजत होतं, चुकीचं ऐकवलं गेलं तेव्हा राहवलं नाही म्हणून उठले? की उन्हाचा त्रास झाला, सुतळी हलली, काहीतरी टोचलं आणि जो एकच शब्द होता तो बाहेर पडला?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावल्यावर मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांचा डावा हात हातात घेतला.

"अहो, सूर्य लहान आहे का?"

"नाही."

"मग मोठा आहे?"

"नाही."

मी विचार केला, दोन्ही खरं असू शकतं. सर असते तर कदाचित असंच म्हणाले असते. तिथेच थांबायला हवं होतं मी. पण राहवेना. मी विचारलं, "मी तुमची कोण? बहीण आहे का?"

"नाही."

"बायको आहे ना?"

"नाही," ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना पुन्हा कधीच असं काही विचारलं नाही.

ते शेवटचं वाक्य मात्र मी शोधत राहिले. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. जळगावला बँकेत असलेला एक जण म्हणाला, मोठे तारे भराभर जळून लवकर संपतात, लहान मंद तारे फार फार काळ जगतात, असं सर सांगायचे. सूर्य मधला, त्याचं निम्मं आयुष्य झालंय. सुरतेला असलेल्या एकीला हरभरे आठवत होते, कारण नंतर ते सगळ्यांनी गोळा करून खाल्ले होते. पण ज्या वाक्याला सगळे हसायचे ते कोणालाच आठवत नव्हतं. हसलो होतो एवढं पक्कं, असं सगळे म्हणाले. मी फोनवर बोलायचे तेव्हा सर ऐकत असायचे. एवढ्या सगळ्यांना मी जे विचारत होते, ते ज्याला माहीत होतं तो माणूस माझ्या समोर बसून होता.

उन्हाळा लागला आणि त्यांना दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यात ते शुद्धीवर आले नाहीत. अक्का पोहोचल्या तेव्हा सगळं संपत आलं होतं. त्यांनी भावाच्या कपाळावरून हात फिरवला आणि खाटेच्या कडेला बसून राहिल्या. रडल्या नाहीत. मी रडत होते तर मला म्हणाल्या, "काहून रडू राह्यली? थकला होता तो. बोलायचं होतं अन् बोलता येत नव्हतं. आता सुटतो." त्या रात्रभर तशाच बसून होत्या. पहाटे नर्सनं येऊन सांगितलं.

पावसाळ्यानंतर त्या विद्यार्थिनीनं पुन्हा बोलावलं, मग आणखी एका शाळेनं. मी जाते. आता हरभरे टाकते. लहान तारे जास्त काळ जगतात हेही सांगते. सूर्य लहान आहे असं चुकूनही म्हणत नाही. शेवटी मुलं टाळ्या वाजवतात, पण हसत नाहीत. कारण ते वाक्य माझ्याकडे नाही. यानंतर सर अजून काहीतरी सांगायचे, ते मला माहीत नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगून टाकते. मागे एका मुलीनं विचारलं, मग तुम्ही त्यांना विचारलं का नाही? तिच्या बाई तिला रागावल्या. मी म्हटलं, रागावू नका, बरोबर विचारतेय ती.

अक्कांचा फोन हल्ली रोज संध्याकाळी येतो. पूर्वी त्या फोन केल्याबरोबर त्याला दे म्हणायच्या, मी फोन सरांच्या कानाला लावायचे आणि त्या घरचं, बागेचं, भाचेसुनेचं सगळं त्यांना ऐकवून, त्यांचं 'नाही' ऐकलं की फोन ठेवायच्या. आता त्या मला सांगतात. यंदा थंडीनं केळीची वाढ थांबलीय, गुडघा दुखतो, थोरल्या नातवाचं लग्न जमत आलंय. मी हं, हं करत ऐकते. सांगून झालं की त्या थोडा वेळ थांबतात. मीही थांबते. मग त्या विचारतात, जेवायला काय केलं. एकटीसाठी काही केलेलं नसतं, तरी मी काहीतरी सांगते, खिचडी म्हणते, नाहीतर वरणभात. बरं, असं म्हणून त्या फोन ठेवतात आणि मग मी उठून खरंच कुकर लावते.